संगणकशिक्षणातील सरावाचा प्रश्न : धाराशिव जिल्ह्याच्या संदर्भात एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना :

मराठी शिक्षणपरंपरेत गिरवणे हा विद्येचा आरंभ मानला गेला. पंतोजींच्या शाळेत मुले धुळपाटीवर बोटाने अक्षर उमटवीत आणि चुकल्यास पुसून पुन्हा काढीत. संगणकाचे प्रोग्रॅमिंग हीदेखील याच जातीची विद्या होय. ती केवळ पाहून येत नाही. स्वतः लिहून, चूक शोधून आणि ती दुरुस्त करूनच येते. महाजालावर पाठ मुबलक झाले असताना योग्य सरावप्रश्न मिळणे अवघड का राहिले, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

भाषेचा अडसर :

धाराशिव (पूर्वीचा उस्मानाबाद) जिल्हा १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यम उर्दू असल्याने उच्च शिक्षणासाठी मराठी विद्यार्थ्यास मातृभाषेहून वेगळी भाषा आधी आत्मसात करावी लागे. १९५८ साली मराठवाडा विद्यापीठ स्थापन होऊन पदवीचे शिक्षण जवळ आले. संगणकाबरोबर मात्र हाच अडसर इंग्रजीच्या रूपाने पुन्हा उभा राहिला.

पाठाकडून सरावाकडे :

२००१ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र ज्ञान महामंडळाच्या 'एमएस-सीआयटी' अभ्यासक्रमाने संगणकसाक्षरता खेडोपाडी नेली. तथापि प्रोग्रॅमिंग हा त्याचा मुख्य विषय नव्हता. २००९ साली मुंबईच्या डायरेक्टी कंपनीने 'कोडशेफ' हे संकेतस्थळ सुरू केले. तेथे विद्यार्थ्याने पाठविलेले उत्तर संगणकच तपासतो. परंतु उत्तर चुकल्याचे कळले, तरी ते का चुकले हे नवशिक्यास उमगतेच असे नाही. शिवाय प्रश्नही इंग्रजीत असतो. आय.आय.टी. मुंबईच्या 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पाने वेगळी वाट धरली. पडद्याच्या एका भागात छोटा पाठ ऐकावयाचा आणि लगेच दुसऱ्या भागात तीच कृती करावयाची, अशी ही पद्धती आहे. अनेक पाठांचे निवेदन मराठीतही उपलब्ध झाले. धुळपाटीचे तत्त्व येथे नव्या साधनाने परत आल्याचे दिसते.

समारोप :

उपरोक्त विवेचनावरून असे दिसते की, साधने आली तरी विद्यार्थ्याच्या पायरीचा आणि त्याच्या परिसरातील प्रश्न बाहेरून आयता मिळत नाही. तो अध्यापकानेच घडवावा लागतो. उदाहरणार्थ, जिल्ह्यातील आठ तालुक्यांच्या पावसाचे आकडे द्यावेत. प्रथम सरासरी, नंतर सर्वांत कमी पावसाचा तालुका आणि शेवटी सरासरीखालील तालुक्यांची यादी काढावयास सांगावे. एकाच प्रश्नात अंकगणित, तुलना आणि पुनरावर्तन या तीन पायऱ्या क्रमाने येतात. अवर्षणाशी परिचित असलेल्या विद्यार्थ्यास उत्तर चुकल्याचे स्वतःलाच जाणवू शकते. याउलट फळ्यावरील प्रोग्रॅम प्रात्यक्षिक-वहीत उतरवून घेतल्यास गुण मिळतील, विद्या मिळणार नाही. हे टाळणे संकेतस्थळाच्या नव्हे, तर महाविद्यालयाच्या हाती आहे.