वाळूची गाळणी (जलशुद्धीकरण)

वाळू, खडी, दगडी कोळसा किंवा तत्सम दाणेदार पदार्थाच्या जाड थरातून पाणी झिरपवून त्यातील तरंगते घनकण काढून टाकणारी रचना. मुंबईत तिचा सर्वांत मोठा वापर महापालिकेच्या भांडुप संकुलात होतो. एकोणिसशे सत्तरच्या दशकाच्या अखेरीस उभ्या राहिलेल्या या केंद्राची मूळ क्षमता दिवसाला १,९१० दशलक्ष लिटर असून पुढे तेथेच ९०० दशलक्ष लिटरची भर पडली. शहराच्या उरलेल्या पाण्यापैकी बराचसा भाग भिवंडी तालुक्यातील पांजरापूर येथे शुद्ध होतो.

या रचनेकडे चहाच्या गाळणीसारखे पाहिले, तर तिचे काम समजत नाही. अर्ध्या मिलिमीटरच्या वाळूच्या दाण्यांमधील फटी साधारण ७०-८० मायक्रॉनच्या असतात. पावसाळ्यात पाणी गढूळ करणारे चिकणमातीचे कण मात्र दोन मायक्रॉनहूनही लहान असतात. फटींच्या मापाने पाहिले, तर ते सरळ पार निघून जायला हवेत. ते अडतात याची कारणे दोन. वळणावळणाने खाली उतरताना कण दाण्यांच्या पृष्ठभागावर आदळतात किंवा बसतात, आणि पाण्यात आधी तुरटी वा तत्सम द्रव्य घातलेले असेल, तर तेथेच चिकटून राहतात. मातीच्या कणांवर ऋण विद्युतभार असतो, त्यामुळे ते एकमेकांना आणि वाळूलाही दूर ढकलतात. तुरटी हे अपकर्षण मोडते. म्हणजे तुरटीच्या साहाय्याने चालणाऱ्या या जलद गाळणीचा निकाल वाळूइतकाच तुरटीच्या मात्रेवर ठरतो. सुमारे एक मायक्रॉनचे कण अडवणे सर्वांत कठीण असते, कारण खाली बसण्याइतके ते जड नसतात आणि पाण्याच्या रेणूंच्या धक्क्यांनी भरकटत दाण्यापर्यंत पोचण्याइतके हलकेही नसतात.

मंद गाळणीची रीत वेगळी आहे. तिच्यात तुरटी लागत नाही; वाळूच्या माथ्यावर वाढणारा सूक्ष्मजीवांचा पातळ थरच कण आणि जंतू अडवतो. १८९२ च्या पटकीच्या साथीत हॅम्बुर्गमध्ये एल्बे नदीचे न गाळलेले पाणी पिणारे लोक हजारोंनी मेले, तर शेजारचे आल्टोना गाळलेल्या पाण्यामुळे बरेचसे वाचले. मग हीच पद्धत मुंबईत का नाही, असा प्रश्न येतो. उत्तर जागेत आहे. ताशी पाच मीटर वेगाने चालणाऱ्या जलद गाळणीला १,९१० दशलक्ष लिटरसाठी सुमारे १६,००० चौरस मीटर पृष्ठभाग पुरतो. ताशी दहा सेंटिमीटर वेगाच्या मंद गाळणीला सुमारे ८० हेक्टर लागेल. उपनगरात एवढी सपाट जमीन मिळणार नाही.

जागेची ही बचत रोजच्या देखभालीतून भरून द्यावी लागते. थर तुंबला की खालून जोराने पाणी, बहुधा हवाही, सोडून वाळू उलट धुतात. यालाच केंद्रांवर बॅकवॉश म्हणतात. या धुण्यात बारीक दाणे वर येऊन बसतात, मग पुढच्या फेरीत माथ्याचे काही सेंटिमीटरच घाण धरतात. यावर उपाय म्हणजे वाळूवर तिच्याहून जाडसर पण हलक्या दाण्यांचा थर. परदेशात त्यासाठी अँथ्रासाइट हा दगडी कोळसा वापरतात. महाराष्ट्रात अभियंते जे. एन. कर्डिले यांनी १९७० च्या दशकापासून रामटेक, वरणगाव, चांदोरी अशा ठिकाणच्या कमी खर्चाच्या केंद्रांच्या मांडणीत नारळाच्या करवंटीचा चुरा वापरण्याची वाट दाखवली. गुणवत्ता महागड्या द्रव्यावर अवलंबून नसते, दाण्यांचे माप आणि घनता यांवर असते, हे त्यातून दिसते.

क्लोरीन जंतू मारतोच, मग गाळायचे कशाला, असा आक्षेप घेतला जातो. गढूळ पाण्यात जंतू कणांच्या आडोशाला राहतात, आणि क्रिप्टोस्पोरिडियमसारखे परजीवी नेहमीच्या क्लोरीनला दाद देत नाहीत. १९९३ मध्ये अमेरिकेतील मिल्वॉकी येथे क्लोरीन चालू असूनही गाळणी ढिली पडली आणि सुमारे चार लाख लोक आजारी पडले. दुसरा आक्षेप पडद्याच्या (मेम्ब्रेन) गाळणीचा: तिची छिद्रे नेमकी असतात, मग वाळू कशाला? पडद्याची अचूकता मान्य करावीच लागते; पण तो दाब आणि वीज मागतो, ठरावीक वर्षांनी बदलावा लागतो, तर वाळू धुतली की पुन्हा कामाला लागते आणि पाणी स्वतःच्या वजनाने उतरते. तरी वाळूचे केंद्र विजेपासून मुक्त नाही. १८ जुलै २०२१ रोजी अतिवृष्टीचे पाणी भांडुप संकुलात शिरून विद्युत यंत्रणा बुडाली, गाळण व उपसा थांबले आणि नागरिकांना पाणी उकळून पिण्याचे आवाहन करावे लागले.

केंद्राची क्षमता दिवसाच्या लिटरमध्ये सांगितली जाते, पण त्यावरून पाणी कसे आहे ते कळत नाही. भारतीय मानक १०५०० (२०१२) पिण्याच्या पाण्यात गढूळपणा एक एकक, म्हणजे १ एनटीयू, इतकाच स्वीकारार्ह धरते. अन्य स्रोत नसेल तेव्हा पाचपर्यंत चालवून घेते. प्रत्येक गाळणीची कसोटी बॅकवॉशनंतरच्या पहिल्या अर्ध्या तासात आणि पावसाच्या पहिल्या लोंढ्यात लागते. तेव्हाचे आकडे गाळणीगणिक मोजून जाहीर झाले पाहिजेत. साऱ्या केंद्राच्या सरासरीत बिघडलेली एक गाळणी लपून जाते.