परवाना कोणी काढायचा?

१६ जुलै १९४८. नागपूर तेव्हा मध्य प्रांत व वऱ्हाडची राजधानी. त्या दिवशी येथे आकाशवाणीचे केंद्र सुरू झाले.

केंद्र सरकारी असल्याने परवान्याचा जाच होता तो श्रोत्याला. १९३३ च्या बिनतारी संदेशवहनाच्या कायद्यान्वये विनापरवाना रेडिओ बाळगणे हा गुन्हा होता. टपाल कार्यालयात शुल्क भरून परवान्याचे नूतनीकरण करावे लागे. घरबसल्या गाणे ऐकण्यासाठीही सरकारची अनुमती! १९८० च्या दशकात ही सक्ती संपली.

९ फेब्रुवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रसारणलहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचा निर्णय दिला. वाद होता क्रिकेट सामन्यांच्या प्रक्षेपणाचा. निकाल मात्र सरकारी मक्तेदारीच्या मुळावर आला.

पुढे खासगी एफएम केंद्रे आली आणि बंधनांचे ओझे श्रोत्याकडून केंद्राकडे सरकले. परवाना लिलावातून घ्यायचा, आकाशवाणीची कार्यक्रम व जाहिरात संहिता पाळायची. सर्वांत जाचक अट बातम्यांची. २०११ च्या धोरणाने नागपूरच्या खासगी केंद्राला शहरातील वाहतूक आणि हवामान सांगण्याची मुभा दिली. बातम्या मात्र आकाशवाणीच्याच, त्याही कानामात्रा न बदलता. वृत्तपत्रांवर असे बंधन नाही.