धाकाचा वारसा

मुलांचें भय ओळखूं जातां आम्ही मुलांकडेच पाहतों. वडीलधाऱ्यांकडे पाहण्याचें राहून जातें. लक्ष्मीबाई टिळकांचीं 'स्मृतिचित्रें' या दृष्टीनें वाचावीं. १८५७ च्या धामधुमींत त्यांच्या मातामहांस फांशी झाली. त्या धक्क्यानें वडिलांस सोंवळ्याचें वेड लागलें. बाजारचे जिन्नसही धुतले जात आणि मुलेंबाळें धाकांत वावरत. धसका एका पिढीचा, जाच दुसरीला! ज्या मुलीनें हें सोंवळें सोसलें, तिनेंच पुढें तें टाकलें. १९०० मध्यें राहुरीस बाप्तिस्मा घेतला, आणि दुष्काळानें पोरक्या झालेल्या मुलांस पतीसह घरांत आसरा दिला. धर्मांतराचा वाद येथें नको. मूल दचकूं लागलें, जेवेना, बोलेना, तर त्यास दटावण्यापूर्वीं आपल्याच मनांतील धास्ती शोधावी. ती आपल्यापाशींच थांबविणें, हाच आमच्या मतें पहिला उपाय.