श्लेष्मल त्वचेवरील मेलॅनोमा : संज्ञेचा आणि वर्गीकरणाचा इतिहास

रोगाला नाव मिळणे हा त्याच्या ज्ञानाचा प्रारंभ होय. परंतु पुढे तेच नाव ज्ञानाच्या आड येऊ शकते. श्लेष्मल त्वचेवरील मेलॅनोमाचा इतिहास याचे बोलके उदाहरण आहे.

फ्रेंच वैद्य लाएनेक याने १८०६ साली प्रसिद्ध केलेल्या टिपणात शरीरातील काळ्या गाठींना ‘मेलानोज’ ही संज्ञा दिली. १८३८ मध्ये स्कॉटिश विकृतिशास्त्रज्ञ रॉबर्ट कार्सवेल याने ‘मेलॅनोमा’ हा शब्द योजला. दोहोंच्या मुळाशी ‘मेलास’, म्हणजे काळा, हा ग्रीक शब्द आहे. रोगाची ओळख अशा रीतीने रंगाशी जोडली गेली. वस्तुतः हा कर्करोग मेलॅनोसाइट नामक पेशींचा. त्या पेशी नाक, तोंड, गुदमार्ग व योनी यांच्या अस्तरातही असतात, आणि रोगग्रस्त झाल्यावर त्या रंगद्रव्य निर्माण करतीलच असे नाही. रंगहीन गाठ सूक्ष्मदर्शकाखाली कधी लांबट, चातीच्या आकाराच्या, तर कधी लहान गोल पेशींची दिसते व तिला सार्कोमा किंवा लिंफोमा समजण्याचा प्रमाद घडतो. एस-१०० व एचएमबी-४५ या प्रथिनचाचण्यांनी हा संभ्रम बराच दूर केला.

वर्गीकरणाची कथाही अशीच आहे. १९६९ मध्ये वॉलेस क्लार्क व त्यांचे सहकारी यांनी त्वचेवरील मेलॅनोमाचे पृष्ठप्रसारी, ग्रंथिल आणि लेंटिगो मॅलिग्ना असे प्रकार मांडले व आक्रमणाच्या पाच पातळ्या सांगितल्या. या पातळ्या आंतरत्वचेच्या दोन थरांवर आणि खालच्या मेदावर आधारलेल्या होत्या. श्लेष्मल त्वचेत अशी थररचनाच नसल्यामुळे ही मोजपट्टी तेथे लागू पडेना. प्रकारांपैकी ग्रंथिल प्रकार तेथे आढळतो. त्याखेरीज तळपायावरील मेलॅनोमाप्रमाणे पेशी तळच्या थरातून एकेकट्या पसरत जाणारा ‘लेंटिजिनस’ प्रकारही आढळतो. हे नाव लॅटिनमधील मसुरीच्या नावावरून आले आहे. आपण त्वचेवरील डागाला ‘तीळ’ म्हणतो, तसाच हा प्रकार.

स्वतंत्र विचारास विलंब लागण्याचे एक कारण रोगाची विरळता हे होय. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकन पाहणीतील ८४,८३६ मेलॅनोमांपैकी केवळ १.३ टक्के श्लेष्मल होते. त्यांतील ५५ टक्के डोके व मान या भागांत आढळले. या भागांसाठी २००४ मध्ये प्रसाद व त्यांच्या सहकाऱ्यांनी आक्रमणाच्या तीन नव्या पातळ्या सुचविल्या. २०१० पासून अमलात आलेल्या अमेरिकन श्रेणीपद्धतीत तर येथील गाठीची गणना तिसऱ्या श्रेणीपासूनच होऊ लागली. लहानशी गाठही येथे घातक ठरते, याची ती कबुली होती. दरम्यान २००६ मध्ये या रोगात ‘किट’ जनुकातील बदल दिसून आले, तर त्वचेच्या मेलॅनोमात वारंवार आढळणारा ‘बीरॅफ’ जनुकातील बदल येथे विरळा ठरला. उपचाराची दिशा या भेदावर अवलंबून असते.

आपल्या परिभाषेलाही यातून बोध घेता येईल. मराठीत ‘श्लेष्मल त्वचा’ आणि ‘श्लेष्मकला’ हे दोन्ही शब्द रूढ आहेत. पहिला सुबोध खरा; परंतु त्यातील ‘त्वचा’ हे पद जे साम्य सुचविते, तेच वर्गीकरणकारांना दीर्घकाळ चकवीत आले. शब्द टाकून देण्याचे कारण नाही. मात्र त्याची मर्यादा विद्यार्थ्यास सांगितली पाहिजे. काळा रंग आणि उघडी त्वचा या दोनच खुणा ज्याच्या मनात ठसल्या आहेत, त्याच्या नजरेतून नाकातील फिकट गाठ सुटून जाण्याचा संभव असतो, आणि त्या विलंबाचे मोल रुग्णास द्यावे लागते.