दोघांतला मालक

ऑफिसात वाय-फायची यादी उघडली की 'डायरेक्ट-' असं सुरू होणारं एखादं नाव हमखास दिसतं. बहुतेक वेळा तो कोपऱ्यातला प्रिंटर असतो. हा शब्द, डॅश आणि मग कुठलीही दोन अक्षरं, असा या थेट जोडणीच्या नावाचा नियमच आहे.

राउटरवाचून दोन यंत्रं जोडायची सोय वाय-फायच्या १९९७च्या मूळ मानकातही होती. तिला ॲड-हॉक म्हणत. सगळे सारखे, मालक कोणीच नाही. कागदावर छान, प्रत्यक्षात रडगाणं: पुष्कळ यंत्रं ११ एमबीपीएसवर अडायची, सुरक्षेच्या नावाने बऱ्याचदा कच्चं डब्ल्यूईपी, आणि बॅटरी वाचवण्याच्या नावाने बोंब.

ऑक्टोबर २००९मध्ये वाय-फाय अलायन्सने 'वाय-फाय डायरेक्ट' जाहीर केलं. वर्षभराने प्रमाणपत्रं सुरू झाली. 'डायरेक्ट' हे नाव तसं फसवंच. मधला राउटर हटवलेला नाही, दोघांपैकी एकाच्या गळ्यात घातलाय! आधी दोघं १, ६ आणि ११ या चॅनलांवर एकमेकांना शोधतात, कधी हाक मारत तर कधी कान देत. कान देण्याचा वेळ मुद्दाम अनियमित ठेवतात, नाहीतर दोघंही एकदमच ओरडत राहतील. मग मालक, म्हणजे राउटरचं काम करणारा, कोण, यावर तीन संदेशांत बोलणी. प्रत्येकाने ० ते १५ मधला एक आकडा सांगायचा: मालकीची हौस किती? मोठा आकडा जिंकतो. बरोबरी झाली तर एका बिटवर नाणेफेक. पण दोघंही १५वर अडून बसले, तर बोलणी फिसकटली.

सॉफ्टवेअरची पंचाईत इथेच झाली. लिनक्सवर फिनलंडच्या योउनी मालिनेन यांचे दोन प्रोग्राम होते: राउटरच्या बाजूचा होस्टएपीडी आणि ग्राहकाच्या बाजूचा डब्ल्यूपीए सप्लिकंट. कोण कुठल्या बाजूचा हे आधीच ठरलेलं. आता बोलणी संपेपर्यंत ते कळणारच नव्हतं. म्हणून ग्राहकाच्या प्रोग्रामच्या पोटात राउटरचंही काम घालावं लागलं. मे २०१२च्या १.० आवृत्तीत ही सोय अधिकृतपणे आली. ॲन्ड्रॉइडने त्याआधीच, २०११च्या ४.० आवृत्तीत, ॲप लिहिणाऱ्यांना वाय-फाय डायरेक्ट उघडून दिलं होतं.

लिनक्सच्या लॅपटॉपांवर मात्र ते रेंगाळलं. तिथे जोडण्या सांभाळणाऱ्या नेटवर्कमॅनेजरमध्ये ते आलं २०१९मध्ये, १.१६ आवृत्तीत; तेही पडद्यावरचं चित्र मिराकास्टने टीव्हीवर पाठवायची गरज पडली म्हणून. माझ्या मते अडचण रेडिओची कमी, विचारपद्धतीची जास्त होती. असे प्रोग्राम नेटवर्कचं नाव आणि पासवर्ड जपून ठेवतात, आणि इथे जोडणी होईपर्यंत नेटवर्कच अस्तित्वात नसतं. मग जपायचं काय? नेटवर्कमॅनेजरने समोरच्या यंत्राचा हार्डवेअर पत्ता जपायचं ठरवलं.