कुलाब्याची ‘सुहेली’ : कागद आणि हात

२२ एप्रिल १९६९ रोजी इंग्लंडच्या फालमथ बंदरात गंजाचे ओघळ मिरवणारी एक लाकडी होडी शिरली. कस्टमचे अधिकारी रिवाजाप्रमाणे जवळ आले आणि त्यांनी विचारले, ‘कुठून आलात?’ होडीवर एकटाच असलेला तीस वर्षांचा दाढीवाला खलाशी म्हणाला, ‘फालमथहून.’ त्याचे उत्तर खरे होते. १४ जून १९६८ला तो याच बंदरातून निघाला होता आणि कुठेही न थांबता, एकट्याने, पृथ्वीला प्रदक्षिणा घालून ३१२ दिवसांनी परतला होता. असे करणारा तो जगातला पहिला माणूस. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन हे त्याचे नाव अनेकांना ठाऊक असते. त्याची होडी ‘सुहेली’ मुंबईत, कुलाब्यात बांधली गेली होती, हे मात्र मी ज्यांना ज्यांना सांगितले त्यांच्यापैकी बहुतेकांना नवीन होते.

मलाही ते उशिराच कळले. मी इतिहासाचा किंवा जहाजबांधणीचा रीतसर विद्यार्थी नव्हे. गोदीतल्या एका खासगी कचेरीत पंचवीस वर्षे कारकुनी केली. दुपारच्या सुट्टीत जुनी नौकानयनाची पुस्तके चाळता चाळता हा नाद लागला. ‘सुहेली’चा शोध घेताना एक प्रश्न मनात पक्का बसला : होडी कागदावरून बांधली जाते की हातावरून? हा लेख त्या प्रश्नाचा आहे.

कागदाचा प्रवास

आधी कागद. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नॉर्वेच्या लार्विक गावात कॉलिन आर्चर हा स्कॉटिश आईबापांचा मुलगा होड्या बांधत असे. नान्सेनचे ध्रुवावरचे जहाज ‘फ्राम’ त्याचेच. पण त्याची खरी कीर्ती आहे ती वादळात कोळ्यांच्या मदतीला धावणाऱ्या शिडाच्या बचावनौकांमुळे. त्या पुढे आणि मागे दोन्हीकडे निमुळत्या, पोटाने रुंद आणि वजनाने भारी होत्या. मागून येणारी लाट सपाट पाठीवर आदळण्याऐवजी निमुळत्या टोकाने दुभंगून दोन्ही बाजूंनी निघून जाते, हे त्यांच्या घडणीमागचे गणित होते.

१९२०च्या दशकात विल्यम अ‍ॅटकिन या अमेरिकन आरेखकाने ती घडण लहान करून ३२ फुटांत बसवली आणि तिला ‘एरिक’ नाव दिले. अ‍ॅटकिनचे वैशिष्ट्य असे, की त्याचे आराखडे नियतकालिकांतून छापून येत. वाचणारे होते दुकानदार, मास्तर आणि कारकून. परसात होडी बांधण्याचे स्वप्न पाहणाऱ्यांची ही जमात तेव्हा चांगलीच वाढली होती. त्यांचा आद्यग्रंथ म्हणजे जोशुआ स्लोकमचे १९००मधले प्रवासवर्णन. स्लोकमने एक जुनी मोडकी होडी तेरा महिने खपून नव्याने उभारली आणि तिने एकट्याने जगप्रवास केला. सामानाचा खर्च त्याने सेंटपर्यंत लिहून ठेवला : ५५३ डॉलर आणि ६२ सेंट. हा आकडा वाचून किती जणांनी आपली बचत मोजून पाहिली असेल, त्याची गणती नाही. हे लोक एकमेकांना भेटत नसत. त्यांना जोडून ठेवत होते ते मासिक, टपाल आणि गुंडाळी करून आलेला निळसर आराखडा.

तोच कागद १९६०च्या सुमारास मुंबईला आला. नॉक्स-जॉन्स्टन तेव्हा ब्रिटिश इंडिया कंपनीच्या मुंबई ते इराणी आखात या मार्गावरच्या बोटींवर अधिकारी होता. दोन सहकाऱ्यांबरोबर त्याने बेत केला, की मुंबईत होडी बांधायची आणि तिनेच घरी जायचे. इंग्लंडमधल्या एका फर्मकडून त्यांनी आराखडे मागवले. आले ते भलतेच, म्हणजे अ‍ॅटकिनच्या जुन्या ‘एरिक’चे. परत पाठवण्यात वेळ गेला असता, आणि होडी दणकट दिसत होती. त्यांनी तीच बांधायचे ठरवले. टपालातल्या गफलतीमुळे नॉर्वेची बचावनौका अशी कुलाब्याच्या कारखान्यात पोहोचली.

कुलाब्याचे हात

मुंबईला लाकडी जहाजे नवी नव्हती. वाडियांच्या गोदीत १८१७ साली बांधलेले सागवानी ‘ट्रिंकोमाली’ इंग्लंडमध्ये हार्टलपूलला आजही पाहायला मिळते. साग तेलकट असल्यामुळे त्याला कीड सहसा धरत नाही. ‘सुहेली’ही सागाचीच. कुलाब्याच्या सुतारांनी ती तासणीने तासली आणि दोरीच्या कमानीने फिरणाऱ्या सामत्याने तिला भोके पाडली. १९६३ला सुरू झालेले काम १९६४ला पुरे झाले आणि नाळेवर नारळ फोडून तिला पाण्यात सोडले. ‘सुहेली’ म्हणजे आखाती खलाशांच्या बोलीत आग्नेयेचा वारा.

येथे वाचकाला वाटेल, की आराखडा होता, लाकूड होते, हत्यारे होती. मग राहिले काय? मलाही तसेच वाटत होते. म्हणून पन्नाशी ओलांडल्यावर मी स्वतः एक आठ फुटी होडी बांधायला घेतली.

पद्धत सोपी निवडली. प्लायवुडचे तुकडे आराखड्याप्रमाणे कापायचे, कडांना भोके पाडून तांब्याच्या तारेने एकमेकांना शिवायचे, मग सांध्यांवर काचकापडाची पट्टी चिकटवायची. १९६३ साली, म्हणजे कुलाब्यात ‘सुहेली’ उभी राहत होती त्याच वर्षी, इंग्लंडमध्ये ‘मिरर’ नावाच्या छोट्या होडीने ही युक्ती घरोघर नेली. अशा सत्तर हजारांवर होड्या झाल्या. त्यांतल्या बऱ्याच जणांनी आधी कधी साधा स्टूलही केला नसेल. मग मला का जमू नये?

गावच्या घराच्या ओटीवर मी दोन महिने खपलो. मापे मिलिमीटरपर्यंत पाळली. तारा ओढल्यावर होडीने आकार घेतला आणि मी खूश झालो. शेजारच्या वाडीत एक वृद्ध सुतार राहत. तरुणपणी त्यांनी खाडीतल्या वाळूच्या होड्या बांधल्या होत्या. मी त्यांना बोलावून आणले. ते काही बोलले नाहीत. होडीच्या एका टोकाला उकिडवे बसले, एक डोळा मिटला आणि कडेवरून नजर फिरवली. मग तळहात बाहेरून फिरवत नेला आणि मध्येच थांबवला.

‘भाऊ, हितं फळी पोटात गेलीय.’

‘काका, माप तर कागदाप्रमाणेच आहे.’

‘असंल. पण डोळा लावून बघा की.’

मी पाहिले. एकदा दिसल्यावर तो खळगा पुन्हा न दिसणे अशक्य होते. त्यांनी बांबूची एक लांब सोललेली कामटी मागवली, ती कडेने वाकवून धरली आणि कामटी व फळी यांच्यामधल्या फटीत बोट घातले. पुरे एक करंगळी अंतर होते.

चूक कशी झाली, ते नंतर समजले. मी मूळ आराखडा कागदावर लहान प्रमाणात काढून त्यावरून मापे घेतली होती. फुटाला एक इंच या प्रमाणात पेन्सिलीची अर्ध्या मिलिमीटरची रेघ लाकडावर सहा मिलिमीटर होते. म्हणून जाणकार बांधणारे आराखड्यावर थेट विसंबत नाहीत. ते संपूर्ण होडी जमिनीवर खऱ्या मापात रेखतात, प्रत्येक खुणेवर खिळा मारतात आणि लवचीक पट्टी वाकवून वळण सलग होते की नाही, हे पाहतात. पट्टी आणि आकडा यांचे भांडण झाले, तर पट्टीचे ऐकतात. काकांनी आराखडा कधी हातात धरला नव्हता, पण पट्टीचे ऐकणे त्यांना येत होते.

कुलाब्याला काय घडले असेल, हे मला त्या दिवशी उमगले. आराखड्याने होडी किती लांब, किती रुंद आणि किती खोल, एवढे सांगितले. एका खुणेपासून दुसऱ्या खुणेपर्यंत लाकूड कसे जावे, हे सुतारांच्या डोळ्याने ठरवले.

समुद्राची परीक्षा

त्या कामाची परीक्षा १९६८ला झाली. नॉक्स-जॉन्स्टनला खरे तर नवी पोलादी होडी हवी होती. तिला पैसे मिळाले नाहीत, म्हणून जवळची ‘सुहेली’ घेऊन तो शर्यतीत उतरला. नऊ जण निघाले आणि पुरा करून परतला तो एकटा. होडी निर्दोष होती असे नव्हे. अटलांटिकमध्येच कण्याजवळच्या सांध्यातून पाणी येऊ लागले. त्याने भर समुद्रात बुडी मारून सांध्यात कापूस ठोकला, त्यावर कॅनव्हासची पट्टी तांब्याच्या चुकांनी बसवली आणि नंतर वर तांब्याचा पत्रा मारला. मध्येच शार्क घुटमळू लागला, तेव्हा वर येऊन त्याला गोळी घालावी लागली. लाकडी होडीचा गुण यातच आहे. ती बिघडते, पण हाताशी असलेल्या साध्या वस्तूंनी दुरुस्तही होते.

१९९०च्या दशकात तिला ग्रीनिचच्या राष्ट्रीय सागरी संग्रहालयात ठेवण्यात आले. तिथल्या कोरड्या हवेत फळ्या आकसू लागल्या. नॉक्स-जॉन्स्टनने तिला बाहेर काढून पुन्हा पाण्यात नेले. जतन करायला ठेवलेली वस्तू जतनामुळेच खराब होऊ लागली, हा प्रसंग मी विसरू शकत नाही.

गोव्याची बहीण

‘सुहेली’ला आपल्याकडे एक धाकटी बहीणही झाली. गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांच्या कारखान्यात २००९ साली ५६ फुटी ‘म्हादेई’ बांधली गेली. लाकडाच्या अरुंद पट्ट्या, इपॉक्सी आणि काचकापड अशी तिची घडण. व्हाइस अ‍ॅडमिरल मनोहर आवटी यांच्या प्रेरणेने दिलीप दोंदे यांनी तिच्यातून २००९-१०मध्ये एकट्याने जगप्रदक्षिणा केली आणि अभिलाष टॉमी यांनी २०१२-१३मध्ये ती न थांबता केली. मग १९६८च्या शर्यतीच्या पन्नासाव्या वर्षी भरलेल्या शर्यतीसाठी दांडेकरांनी २०१७ साली टॉमींकरिता ‘सुहेली’चीच प्रतिकृती बांधली, ‘थुरिया’. अ‍ॅटकिनचा तोच कागद नव्वदेक वर्षांनी पुन्हा आपल्या किनाऱ्यावर आला. २१ सप्टेंबर २०१८ला दक्षिण हिंदी महासागरातल्या वादळात ‘थुरिया’ची डोलकाठी मोडली आणि टॉमींच्या पाठीच्या कण्याला गंभीर इजा झाली. तीन दिवसांनी एका फ्रेंच नौकेने त्यांना वाचवले. होडी मात्र समुद्रात सोडून द्यावी लागली.

होडी गेली, तरी ती उद्या पुन्हा बांधता येईल, कारण कागद आहे. माझे बोट नेमके इथे अडते.

आपला कागद कुठे आहे?

अमेरिकेत हॉवर्ड शॅपेल नावाच्या गृहस्थाने किनाऱ्याकिनाऱ्याने हिंडून जुन्या कोळी-होड्यांची मापे घेतली. १९५१ साली त्याचे लहान शिडाच्या होड्यांवरचे पुस्तक निघाले. बांधणारे कारागीर संपत आले होते, पण पुस्तकातल्या रेषांवरून हौशी लोकांनी त्या होड्या पुन्हा बांधल्या आणि आजही बांधतात. हौशी माणसाला आपण जरा हसतो, पण धंदेवाईकाने सोडून दिलेली गोष्ट तोच उचलून धरतो.

आपल्या फत्तेमारीच्या नामांकित रेषा एडमंड पारिस या फ्रेंच नौदल अधिकाऱ्याने काढल्या आणि त्या १८४०च्या दशकात फ्रान्समध्ये प्रसिद्ध झाल्या. १९२० साली जेम्स हॉर्नेल या इंग्रजाने भारतीय होड्यांच्या घडणीवर मोठा निबंध लिहिला. खाडीखाडीतल्या लहान होड्या मात्र सुतारांच्या डोळ्यात राहिल्या. आता वाळूवर उपड्या पडलेल्या होड्या बहुधा फायबरच्या असतात. कोळ्याला त्याचा दोष देता येत नाही. फायबरला दरवर्षी डागडुजी कमी लागते आणि त्याला पोट चालवायचे आहे.

काकांना मी विचारले होते, ‘तुम्ही हे कुणाला शिकवलंत?’ ते म्हणाले, ‘शिकवायचं काय त्यात? शेजारी उभं राहिलं की येतं.’ त्यांचा मुलगा चिपळूणला रिक्षा चालवतो. शेजारी उभे राहायला कुणी नव्हते.

दोन वर्षांपूर्वी ते गेले. त्याआधीच्या पावसाळ्यात, खाडीकाठी झापांखाली पडलेली त्यांच्या हातची एक जुनी होडी आम्ही दोघांनी मिळून मोजली. ओळंबा, दोरी, फूटपट्टी आणि दर फुटावर खडूची खूण. ते आकडे सांगत आणि मी वहीत लिहीत असे. मग मी कागदावर रेषा काढल्या. त्या पाहून ते बराच वेळ गप्प बसले आणि म्हणाले, ‘नाळ थोडी जास्त उचलली तुम्ही.’ मी रेघ खोडून खाली घेतली.

त्या एका होडीचा आराखडा आता माझ्याकडे आहे. एकोणीस फूट लांब, पाच फूट रुंद. ज्याला हवा असेल, त्याला मी तो नकलून देतो. माझ्या आठ फुटी होडीतला खळगा मी तसाच ठेवला आहे. ती थोडी डावीकडे ओढते, पण तरंगते.