समान भार, असमान निकाल

कलादगी हें गांव त्या वेळच्या मुंबई इलाख्यांतलें. आज तें कर्नाटकांत मोडतें. तेथें १८७४ सालीं एका ब्रिटिश अधिकाऱ्याच्या घरीं जन्मलेला लॉन्सेस्टन एलियट पुढें यूजेन सँडोच्या हाताखालीं तयार झाला, आणि १८९६ च्या एप्रिलांत अथेन्सच्या ऑलिंपिक मैदानांत भार उचलण्यास उभा राहिला. त्याचा खरा प्रतिस्पर्धी डेन्मार्कचा व्हिगो येन्सन. देहाच्या वजनाप्रमाणें गट पाडण्याची रीत तेव्हां नव्हती. लहानमोठे सारे एकाच पंक्तींत.

दोन हातांनीं उचलण्यांत दोघेही १११.५ किलोंवर येऊन थांबले. आतां निवाडा कशावर करावयाचा? पंच होते ग्रीसचे राजपुत्र जॉर्ज. भार पेलतांना एलियटचा पाय जागचा हलला होता. येन्सनचें उचलणें अधिक नेटकें ठरलें व पहिला क्रमांक त्याला मिळाला. ब्रिटिश मंडळींनीं हरकत घेतली, दोघांना पुन्हां संधि दिली गेली, पण आंकडा कांहीं पुढें सरकेना. या खटाटोपांत येन्सनचा खांदा मात्र दुखावला.

हा निकाल पुष्कळांना अन्यायाचा वाटतो. मला तसें वाटत नाहीं. पाय रोवून उभें राहणें हा बळाचाच भाग आहे, आणि आपल्या तालमींतला कोणताही वस्ताद हेंच सांगेल.

मग एका हाताची पाळी आली. एलियटनें ७१ किलो उचलले. दुखऱ्या खांद्याचा येन्सन ५७ वर राहिला. दोघांची गांठ त्याच मेळ्यांत आणखी एकदां पडली, दोर चढण्याच्या शर्यतींत. पांच स्पर्धकांत येन्सन चौथा आला, एलियट पांचवा.